कुसाबाईंचा अखंड जप

नाशिकच्या सिडकोतल्या कुसाबाईंचं तोंड सतत हलायचं. ओठ मुडपायचे, जीभ गालात फिरायची, तोंडात काही नसताना चावणं चालू. ऐन तरुणपणी त्यांच्या कानात कुणीतरी बोलायला लागलं होतं. ते बोलणं गोळ्यांनी थांबलं, पण वर्षानुवर्षं त्याच गोळ्या घेऊन तोंडाचं हे असं झालं. "मनानं बंद करू नका, आजार उलटेल," डॉक्टरांनी बजावलं. पुढे त्यांनी गोळ्या बदलून पाहिल्या, तरी तोंड काही थांबलं नाही.

सत्त्याण्णव साली त्यांच्या मुलाला, सुनीलला बघायला घोटीहून पाहुणे आले. मुलीची आत्या कुसाबाईंच्या तोंडाकडेच टक लावून बसली. नवरा सावळीराम गडबडून बोलून गेला, "हिचा अखंड जप चालतो." झालं! आत्याबाईंनी तिथल्या तिथे वाकून नमस्कार केला आणि सोयरीक जुळली. नाशकात जप करणाऱ्या बाईला कोण नावं ठेवणार?

लग्न पार पडलं, थाप मात्र मागे घेता येईना. "खरं सांगशील तर पोराच्या संसाराचं वाटोळं होईल," सावळीरामने बायकोला दम दिला. जपाची बातमी गल्लीभर झाली. ओट्यावर मेथी निवडणाऱ्या बायका कुसाबाई आल्या की एकमेकींना गप्प करत. सून चहा शेजारी ठेवून पाऊल न वाजवता निघून जाई. सगळी भली माणसं, पण असला भलेपणा काय जाळायचाय? घरात, दारात बाईंशी कुणी अवाक्षर बोलत नसे. सावळीराम होता तोवर भांडायला तरी माणूस होतं. तोही गेला, आणि कुसाबाई अगदी एकट्या पडल्या.

एका दुपारी शेजारच्या अंबूबाई खिरीची वाटी ठेवून परत निघाल्या. कुसाबाईंनी त्यांचा पदर धरला.

"बसा ना जरा. जप नाय हो हा. डोक्याच्या गोळ्यांनी तोंड हलतं. वेड लागलं होतं मला. कुणी बोलतच नाय माझ्याशी, लय एकटं वाटतं."

जीभ मध्येच वळत होती, तरी एकूण एक शब्द त्यांनी नीट उच्चारला.

अंबूबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी डोक्यावर पदर घेतला आणि कुसाबाईंच्या पायांना हात लावला.

"एवढं करून म्हणायचं, जप नाय! किती लपवाल हो माउली," त्या पुटपुटल्या, आणि व्यत्यय नको म्हणून दार हलकेच ओढून घेत निघून गेल्या.