हजेरीवहीतली सातवी सही

मंगळवारी सकाळी, सव्वीस मार्चला, आयव्ही पेन्फोल्डने कोल्डमिअरची हिरवी पेटी उघडली आणि कागद उपसता उपसता थांबली.

पेटीच्या तळाशी एक बक्षीसपत्र होतं. नेदरकोट गावाबाहेरचं चार एकरांचं मैदान मार्लस्टो ग्रामीण कौन्सिल नेदरकोटच्या ग्रामपंचायतीला कायमचं देत आहे, असा मजकूर. स्वच्छ टाइप केलेला, एकही खाडाखोड नाही. टाइप तिनेच केला होता, १९४७ साली. खाली कौन्सिलच्या शिक्क्यासाठी जागा सोडली होती, आणि सत्तावीस वर्षांनंतरही ती कोरी होती.

आयव्ही त्या कौन्सिलची उपचिटणीस. वय पंचावन्न, नोकरी तेहतीस वर्षांची, लग्न नाही, दम्याचा त्रास, आणि साऱ्या तालुक्यात ख्याती एकच: पेन्फोल्डबाईंच्या हातून कागद हरवत नाही. रविवारी मार्च संपणार होता आणि सोमवारी, एक एप्रिल १९७४ला, तिचं कौन्सिलही संपणार होतं. सरकारने देशभरची ग्रामीण कौन्सिलं एका फटक्यात मोडीत काढली होती. मार्लस्टोची सव्वीस गावं, दोन पाणीटाक्या, एक कचरागाडी आणि सगळ्या जमिनी वीस मैलांवरच्या एका नव्या, मोठ्या कौन्सिलच्या घशात जायच्या होत्या. त्या जमिनींची यादी करतानाच नेदरकोटचं मैदान तिला यादीत दिसलं. तिला वाटलं, चूक असेल. चूक होतीच, पण यादीची नव्हती.

हे घडलं कसं, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. मार्लस्टो कौन्सिल भरलं १८९४ साली, गरिबांच्या आश्रमातल्या जेवणघरात, आणि ऐंशी वर्षं तिथेच बसलं. कोबीचा वास शेवटपर्यंत गेला नाही. १९३४ साली वरच्या साहेबांनी नकाशा फाडून पुन्हा चिकटवला, शेजारचं कोल्डमिअर कौन्सिल मोडलं आणि त्याची तीन गावं, त्यांत नेदरकोट, मार्लस्टोला आली. सासरी येणाऱ्या मुलीने आपली पेटी आणावी तशी ती आपली हिरवी पत्र्याची पेटी घेऊन आली. मार्लस्टोच्या कचेरीने ती गावं घेतली, पण मनापासून नाही. त्यांचे कागद कधी आपल्या लाल पेट्यांत मिसळू दिले नाहीत. नेदरकोटचं काहीही आलं की हिरव्या पेटीत, ही शिस्त. तिच्यामागे कारण नव्हतं, म्हणूनच ती कुणी मोडली नाही.

शिक्क्याचे कागद मात्र लाल पेटीत ठेवायचे असत. तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या असलेल्या आयव्हीने नेदरकोटचं बक्षीसपत्र शिस्तीप्रमाणे हिरव्या पेटीत ठेवलं. शिक्क्याच्या दिवशी चिटणिसांनी लाल पेटी उघडली, होते तेवढ्या कागदांवर शिक्के मारले आणि सगळे चहाला गेले. नेदरकोटला वाटलं, मैदान आपलं झालं. लोकांनी वाफे आखले, बटाटे लावले, म्हाताऱ्यांसाठी बाक टाकले. चाळीस घरांची भाजी त्या मातीतून येत होती.

आयव्ही बक्षीसपत्र घेऊन चिटणिसांच्या खोलीत गेली. गॅडसबी साहेबांना नव्या कौन्सिलात जागा मिळाली होती, टेबलावरची नावाची पाटीसुद्धा त्यांनी कागदात गुंडाळून ठेवली होती.

"१९४७चा ठराव आहे की," ते म्हणाले.

"सहा महिन्यांत शिक्का नाही लागला तर ठराव बाद होतो, साहेब. आपलाच नियम आहे."

"मग नवं कौन्सिल बघेल. तुम्ही कशाला जीव काढताय?"

"नव्या कौन्सिलात जमीन समितीवर स्ट्रडविक आहेत."

गॅडसबी साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. गारफील्ड स्ट्रडविक हा धान्याचा व्यापारी, इथलाही सभासद आणि तिकडेही निवडून आलेला. नेदरकोटच्या मैदानावर चाळीस बंगले बसतात, हे तो गेलं वर्षभर सगळ्यांना बोटांवर मोजून दाखवत होता. मैदान गावाचं आहे म्हटल्यावर आजवर त्याचा इलाज चालत नव्हता. यादी हाती पडली की तो गप्प बसणार नव्हता.

"खास सभा बोलावते," आयव्ही म्हणाली. "नवा ठराव, लगेच शिक्का."

"तीन पूर्ण दिवसांची नोटीस लागते, पेन्फोल्डबाई."

"बुध, गुरू, शुक्र. सभा शनिवारी. नोटीस आज संध्याकाळच्या आत प्रत्येकाच्या घरी पोचली पाहिजे."

"अठ्ठावीस सभासदांची घरं? आज?" ते हसले. "आणि शनिवारी टीव्हीवर मोठी शर्यत आहे. घोडे सोडून तुमच्या बटाट्यांसाठी कोण येणार?"

तिने नोटिसा टाइप केल्या, आपल्या जुन्या मॉरिस गाडीत बसली आणि निघाली. दिवसभर ती चिखलाच्या वाटांनी फिरली. कुठे कुत्रं अंगावर आलं, कुठे दार उघडायला माणूस नव्हतं म्हणून दुधाच्या बाटलीखाली नोटीस ठेवावी लागली. एका शेतकऱ्याने गाईच्या पोटाखालूनच हात पुढे केला. सगळ्यांनी तेच विचारलं: "शनिवारी? अडीचला?" सभा अडीचच्या आत भरवायची नाही, हा १८९४चा नियम, शेतकऱ्यांच्या बाजारासाठी केलेला. आणि शर्यत सव्वातीनला सुटणार होती.

सहाला पाच मिनिटं असताना ती स्ट्रडविकच्या दारात उभी राहिली. त्याची नोटीस चुकवली असती तर सभाच बेकायदा ठरली असती, आणि ते त्याच्याइतकं चांगलं कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्याने नोटीस सावकाश वाचली. "अच्छा, म्हणजे मैदान अजून आपलंच आहे तर! कुणाचा हा घोटाळा, मिस पेन्फोल्ड?"

"माझा."

"वा! आता ऐका. कोरमला अठ्ठावीसचा चौथा हिस्सा लागतो, म्हणजे सात. सात जण जमले नाहीत तर पावणेतीनला सभा बरखास्त. शनिवारी, शर्यतीच्या दिवशी, सात?" त्याने दार लावता लावता म्हटलं, "माझे पैसे तुमच्यावर नाही लावायचा मी."

ती गाडीत बसली तेव्हा तिला रडू फुटलं. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा तिला आपल्या कामाची लाज वाटली.

शनिवारी अडीचला जेवणघरात पाचच सभासद होते. अध्यक्ष हेस्टर क्वारिंग्टन, सत्तरीची शेतकरीण, रबरी बुटांसकट खुर्चीत बसली होती. मागच्या बाकावर नुसता ऐकायला आलेला नेदरकोट पंचायतीचा चिटणीस, सेप्टिमस टिडमार्श. तो रस्तादुरुस्तीवरचा निवृत्त मजूर होता. त्याने कोट घातला होता आणि टोपी गुडघ्यावर ठेवली होती. दोन पस्तीसला सहावी आली, पेगी लव्हल, पोटुशी आणि धापा टाकत.

"नवरा म्हणाला, शर्यत सोडून कुठं चाललीस," ती खुर्चीत आदळत म्हणाली. "म्हटलं, तुझा घोडा पहिल्या उडीलाच पडणार आहे, मी जाऊन निदान हात तरी वर करते."

सगळे हसले. आयव्हीचं लक्ष घड्याळावर होतं. दोन सदतीस. दोन एकोणचाळीस. टिडमार्शची टोपी त्याच्या हातात गोल गोल फिरत होती.

दोन चाळीसला दार उघडलं. स्ट्रडविक. तो उंबऱ्याच्या बाहेरच थांबला, टोपी डोक्यावर तशीच ठेवून त्याने आत बोटाने मोजलं. "सहा! अरेरे. वाईट वाटतं हो. मी आपला घरी जाता जाता डोकावलो."

आयव्हीने सगळं आयुष्य सभासदांच्या पाठीमागे बसून काढलं होतं. विचारल्याशिवाय तोंड उघडलं नव्हतं. ती उठली, हजेरीवही उचलली आणि दारापर्यंत चालत गेली.

"मिस्टर स्ट्रडविक, एक विचारायचं होतं. एकोणीस वर्षांत आपली एकही सभा चुकलेली नाही."

"नाहीच चुकली. गेल्या आठवड्यात पेपरात फोटो होता माझा."

"पाहिला मी. आज आपल्या नावापुढे गैरहजर लिहू ना?"

तो हसला. "सभाच झाली नाही, तर गैरहजर कसला?"

"तसं नाही." तिने वहीचं आधीच खूण घातलेलं पान उघडलं. "जानेवारी १९४०. बर्फ पडला होता, कोरम भरला नाही. आलेल्या पाचांची नावं, आणि बाकी सगळे गैरहजर. सभा बोलावली की हजेरी लागते. आजचं पान शेवटचं आहे, साहेब. ही वही जिल्ह्याच्या दप्तरखान्यात कायमची राहणार."

स्ट्रडविकने पान वाचलं. मग पुन्हा वाचलं. त्याच्या मानेवर लाली चढली.

"सही करून निघून गेलो तर?"

"तर सहीपुढे जाण्याची वेळ लिहावी लागते. कामकाज सुरू होण्याआधी गेले, असं."

घड्याळ दोन त्रेचाळीस दाखवत होतं. स्ट्रडविकने एकदा रस्त्याकडे पाहिलं, एकदा वहीकडे, मग उंबरा ओलांडला, पेन हिसकावून घेतलं आणि सही ठोकली.

"सात," क्वारिंग्टनबाई म्हणाल्या. "सभा सुरू. विषय एकच. नेदरकोटचं मैदान ग्रामपंचायतीला द्यायचं, आत्ता शिक्का मारायचा. कुणाला बोलायचंय?"

गप्प बसणं स्ट्रडविकला जन्मात जमलं नव्हतं. तो बोलला. घरांची टंचाई, बटाट्यांनी अडवलेली जमीन, कचेरीचा गलथानपणा, सगळं काढलं. आठ मिनिटं बोलला आणि शेवटी टेबलावर मूठ आपटून म्हणाला, "माझा विरोध नावासकट नोंदवा!"

"नोंदवते," आयव्ही म्हणाली, आणि लगेच लिहून टाकलं. विरोध नावासकट नोंदला म्हणजे मतदानाच्या वेळी सात जण हजर होते, हे आता स्ट्रडविकने स्वतःच्या तोंडाने सांगून ठेवलं होतं.

सहा विरुद्ध एक.

स्ट्रडविक शर्यत पाहायला घरी धावला. लोखंडी शिक्कायंत्र आयव्हीने दोन्ही हातांनी दाबलं. लाल कागदी चकतीवर मार्लस्टोचं मेंढरू आणि गव्हाची पेंढी उमटली. सोमवारी तो शिक्का छिन्नीने फोडायचा होता. टिडमार्शने ते बक्षीसपत्र दोन्ही हातांत धरलं, पण वाचलं नाही.

"आयव्हीबाई, म्हणजे इतकी वर्षं ते आमचं नव्हतंच?"

"नव्हतं, सेप्टिमस. मी चुकीच्या पेटीत ठेवलं होतं."

त्याने बक्षीसपत्र टेबलावर ठेवलं. "माझ्या बापाला तिथल्या बाकावरच मरण आलं," तो म्हणाला. "बरं झालं, त्याला माहीत नव्हतं." आणि त्याने तिच्याशी हात मिळवला, पण नेहमीसारखा हसला नाही. तिला ते लागलं, आणि बरोबरच आहे असंही वाटलं.

पुढची सभा होणारच नव्हती, म्हणून इतिवृत्त त्याच दिवशी लिहून अध्यक्षांची सही घ्यायची होती. आयव्हीने बसून ते हाताने लिहिलं. आपल्या खोलीतून आलेले गॅडसबी साहेब मागून वाचत होते, मध्येच त्यांनी बोट ठेवलं.

"हे काय? 'उपचिटणीस कु. आयव्ही पेन्फोल्ड यांच्या चुकीमुळे दस्त शिक्क्याविना राहिला.' नोकरांची नावं इतिवृत्तात येत नाहीत, बाई. ऐंशी वर्षांत कधी आली नाहीत. 'कचेरीच्या नजरचुकीने' असं लिहा आणि मोकळ्या व्हा."

"कचेरीने नाही ठेवलं. मी ठेवलं."

क्वारिंग्टनबाईंनी चष्मा लावून ते वाक्य वाचलं. "आयव्ही, तू तेहतीस वर्षं हे कौन्सिल ओढलंस. या सगळ्या वह्यांत तुझं नाव एकदाच येणार, आणि ते असं? मी खोडू का?"

आयव्हीला खूप वाटलं, हो म्हणावं. पेन म्हातारीच्या हातात होतंच. भिंतीला लागून ऐंशी वर्षांच्या वह्या दोरीने बांधून ठेवल्या होत्या आणि त्यांतल्या तेहतीस वर्षांच्या तिने लिहिल्या होत्या.

"नको," ती म्हणाली. "खरं आहे ते."

क्वारिंग्टनबाईंनी सही केली. आयव्हीने शाई टिपून घेतली, लाल आणि हिरव्या दोन्ही पेट्यांमधला शेवटचा कागद तपासला आणि वही दोरीत बांधली.