बहिणीची सही

आम्ही तेव्हा भातकुली रस्त्याला एका नव्या लेआउटमध्ये भाड्यानं राहत होतो. लेआउट म्हणजे पाच-सहा घरं, रोवलेले दगड आणि उरलेलं सगळं गाजरगवत. संध्याकाळ झाली की बोलायला माणूस मिळत नसे. आमचे हे म्हणायचे, किती शांत आहे नाही? मी म्हणायची, शांत तर मसणवटाही असतो, म्हणून तिथं कोणी भाड्यानं राहतं का? माझं तोंड तेव्हाही असंच होतं.

मला गावातलं घर हवं होतं. जुन्या अमरावतीत, फुलबाजाराला लागून एक गल्ली होती. माझी शाळा तिथून चालत दहा मिनिटं. सकाळी जाताना मी मुद्दाम त्या गल्लीतून जायची. शेवंतीचे आणि झेंडूचे भारे उतरत असायचे. एक चाचा दारात बसून रजया भरायचे, कोपऱ्यावर दह्यातल्या गिल्या वड्याची कढई चढलेली असायची, आणि अजान संपते न संपते तोच कोणाच्या तरी देवघरातली घंटी वाजायची. ऑटोवाले एकमेकांच्या खानदानाचा उद्धार करत वाट काढायचे. असल्या कलकलाटात राहायला मिळावं म्हणून मी अक्षरशः झुरत होते.

आणि त्याच गल्लीतलं एक घर विकायला निघालं. फुलवाल्याचं घर. पुढं हात-सव्वा हात उंच दगडी ओटा, त्यावर हाराचं दुकान, मागं तीन खोल्या आणि विहीर. म्हाताऱ्यानं हार ओवून ओवून कमावलेल्या पैशातून ते घेतलं होतं. तो आणि त्याची बायको, दोघंही दोन वर्षांच्या अंतरानं गेली. मुलाला फुलांचा कंटाळा होता. सासऱ्याच्या ओळखीनं पुण्याला नोकरी मिळत होती, त्याला घर विकून मोकळं व्हायचं होतं.

आमच्या वकिलांनी कागद पाहिले आणि म्हणाले, "मृत्युपत्र नाही. मुलगा आणि मुलगी, दोघांचं घर आहे. बहिणीची सही आणा, मग पुढचं बोलू."

आमच्याकडे बहिणीनं हिस्सा मागायचा नसतो. मागितला की माहेर तुटलं. म्हणून हक्कसोडीची सही घ्यायला जाताना भाऊ साडी-चोळी घेऊन जातो. बहीण साडी नेसते, भावाला जेवू घालते, सांगितलं तिथं सही करते. शंभरातल्या नव्वद घरी हे असंच पार पडतं आणि कोणाला त्यात काही वावगं दिसत नाही. पण ही बहीण अडून बसली होती.

"हिस्सा मांगत नाई ते," भाऊ मला म्हणाला. "म्हणते, घर इक, पन ओटा मले ठेव. मी तिथं बसून हार इकीन. आता तुमीच सांगा मॅडम, ओटा सोडून घर कोन घेते?"

बहीण तेल्हाऱ्याच्या पुढं एका खेड्यात दिली होती. घरचं कपाशीचं वावर. ती वर्षं कशी होती ते वऱ्हाडात कोणाला सांगायला नको. वेचणीची मजुरी निघाली तरी लोक नशीब म्हणायचे. पण ही बाई रडत बसली नव्हती. नवरा वावर सांभाळील, आपण मुलीला घेऊन अमरावतीला यायचं, एखादी खोली भाड्यानं घ्यायची, मुलीला शाळेत टाकायचं आणि बापाच्या ओट्यावर हार विकायचे, असं तिनं ठरवलं होतं. गिऱ्हाईक बांधलेलं होतं, हात तयार होता. बेत अगदी शहाणपणाचा होता, आणि ते मला ऐकता क्षणी कळलं होतं.

पण ओटा मलाही हवा होता. तो फोडून तिथं गेट लावायचं, आत स्कूटर ठेवायची, असं मी मनात पक्कं केलं होतं. माझ्या दारात दिवसभर दुसऱ्याचं दुकान मला नको होतं.

"तुमी चला संग," भाऊ म्हणाला. "मास्तरीणबाईचं ते ऐकीन."

आणि मी गेले. आजही मला त्याचंच नवल वाटतं. कोणी ओढून नेलं नव्हतं. सुटीच्या दिवशी एसटीनं अकोल्याला गेलो, तिथं साडी घेतली. साडीही मीच पसंत केली, आमसुली रंगाची, बारीक काठाची. तिथून तेल्हारा आणि पुढं ऑटो.

ती दारातच कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांची मोळी सोडत होती. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान असेल. तिनं भावाचे पाय धुतले, मला पाट दिला, भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. जेवण झाल्यावर भाऊ आणि तिचा नवरा वावराकडे गेले. मुलगी शेजारी खेळायला गेली होती. आम्ही दोघीच उरलो. साडी मध्ये ठेवलेली, घडीही मोडलेली नाही.

"मॅडम, एक इचारू का?" ती म्हणाली. "तुमी शिकलेल्या हा. पोराईले शिकोता. भाऊ म्हणते, घर पोराचंच असते, सही फक्त कागदाले लागते. आमच्या गावातली एक बाई म्हणते, पोरीचा बी हिस्सा असते. खरं काय हाय? कायद्यात हाय का माया हिस्सा? असंन तं मी ओटा सोडत नाई. नसंन तं मंग उगाच भावाचं मन काहून मोडू?"

मी आठवीला नागरिकशास्त्र शिकवत होते. दर वर्षी त्या तासाला पुस्तक मिटून मी मुलींना सांगायची, पोरींनो, बापाच्या घरात तुमचाही वाटा असतो, लिहून घ्या. मुली खाली मान घालून लिहून घ्यायच्या. मला त्याचा फार अभिमान होता.

मी तिला म्हणाले, "तसं काही नसतं गं. मुलगी दिली की दिली. सही नुसती कागद पुरा करायला लागते."

एवढंच बोलले. आवाज चढला नाही, जीभ अडखळली नाही. तिनं माझ्याकडे पाहून मान हलवली, साडी उचलून कपाळाला लावली आणि चहा ठेवायला उठली. खोटं बोलायला किती त्रास पडेल याची मी वाटेत धास्ती घेतली होती. काहीच त्रास पडला नाही.

पुढच्या आठवड्यात ती अमरावतीला आली. रजिस्ट्री ऑफिसात तीच साडी नेसून बाकावर बसली होती. नाव पुकारलं तशी उठली, जपून, एकेक अक्षर काढत सही केली आणि अंगठ्याची शाई पदराला न लागू देता पुसली. जाताना माझ्या पाया पडली. मी तिला पडू दिलं.

घर झालं. ओटा फोडायला दोन दिवस लागले. दगड जुने, चांगले बसलेले, गवंडी वैतागला. समोरचे चाचा रजईत सुई तशीच धरून बघत होते. म्हणाले, "बाई, इतना अच्छा ओटा काहे को तोडा?" मी म्हटलं, गाडी ठेवायची आहे. त्यांनी सुई पुन्हा रजईत घातली. त्यानंतर कितीतरी महिने सकाळी बाया गेटाशी येऊन उभ्या राहायच्या आणि हार मागायच्या. मी आतूनच ओरडायची, दुकान बंद झालं म्हणून.

गल्लीचा मात्र मी पुरेपूर उपभोग घेतला, हेही खरं सांगते. गिले वडे खाल्ले, भांडणं ऐकली, चाचांकडून रजया भरून घेतल्या. सुख टोचतं वगैरे म्हणतात, पण मला ते रोज टोचायचं नाही. टोचायचं ते आठवीच्या त्या तासाला. पहिल्या वर्षी मी तो धडा घाईनं उरकला. दुसऱ्या वर्षी वाचून या म्हणून सांगितलं. पुढं हेडमास्तरांना सांगून विषयच बदलून घेतला आणि भूगोल घेतला. त्यांना वाटलं मला नकाशांची आवड आहे.

सहा-सात वर्षांनी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, मी फुलबाजारात गेले होते. बाजाराच्या तोंडाशी, रस्त्याच्या कडेला पोतं अंथरून एक बाई हार ओवत बसली होती. डोक्यावर फाटकी छत्री बांधलेली, मागून ऑटो इतके जवळून जात होते की दर वेळी ती गुडघे आखडून घ्यायची. मी भाव विचारला आणि तिनं मान वर केली.

"मॅडम!" तिला खरोखर आनंद झाला होता. घाईघाईनं पोत्याचा कोपरा झटकून तिनं मला जागा केली. मी बसले. दुसरं काय करणार होते?

तिनंच सगळं सांगितलं. मुलीला अकरावीला इथं घातलं होतं. बडनेऱ्याच्या बाजूला खोली होती. सकाळी चारला उठून फुलं घ्यायला यावं लागायचं. महापालिकेची गाडी आली की पोतं उचलून पळायचं. भाऊ पुण्याला, भाऊबीजेला फोन येतो, कधी येत नाही. माझं घर तिथून दोन वळणांवर होतं. तिनं त्याचं नावही काढलं नाही.

मग हार गुंडाळता गुंडाळता ती थांबली. "मॅडम, मायी पोरगी म्हणते, कायद्यानं माया हिस्सा होता म्हणे घरात. तिले शाळेत शिकोलं. मले म्हणते, मास्तरीणबाईनं तुले फसोलं. तुमाले तवा ठाऊक नव्हतं का?"

खरं सांगायला एक शब्द पुरला असता. ती शिव्या देणार नव्हती, मारणार नव्हती. फार तर हार परत घेतला असता.

"नाही गं," मी म्हणाले. "मलाही ठाऊक नव्हतं."

तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. "पाहा!" ती म्हणाली. "मी तेच म्हणलं पोरीले. भांडली मी तिच्यासंग. म्हणलं, मॅडमले माहीत असतं, तं त्याईनं मले सांगतलंच असतं."