निळ्या बाटल्याचा स्टंप

मस्कतच्या दार्सैत भागातल्या मुलांचं मैदान मी बंद पाडलं. आमच्या इमारतीमागे खडीची मोकळी जागा होती, तिथे रोज संध्याकाळी क्रिकेट चालायचं. एकदा त्यांच्या चेंडूने माझ्या गाडीचा आरसा फुटला. इमारतीतल्या सगळ्यांचे अर्ज मीच लिहून द्यायचो, त्यामुळे इमारतीच्या मालकाला 'मागच्या जागेचं पार्किंग करून द्या' असं पत्र लिहायला मला दहा मिनिटं पुरली. सह्या मीच गोळा केल्या. महिन्याभरात जागेवर पांढरे पट्टे आले. मुलांनी मालकाला शिव्या घातल्या आणि मी गप्प राहिलो.

जवळपास दुसरी जागाच नव्हती. माझ्या मुलाला मी गाडीने लांबच्या अकादमीत नेऊ लागलो. बाकीची मुलं जिन्यात मोबाइल घेऊन बसायची. खालच्या मजल्यावरची बारा वर्षांची मुलगी त्यांची सगळ्यात वेगवान बोलर. तिचे वडील बंदरावर क्रेन चालवायचे, घरी यायचे ते अंधार पडल्यावर. एकदा लिफ्टमध्ये तिच्या हातात चेंडू दिसला.

"आता कुठे टाकतेस?"

"पलंगावर. मम्मी ओरडते."

दुसऱ्याच दिवशी मी ऑफिसातल्या ओमानी साहेबांना गाठलं. रुवीतलं आपल्या ऑफिसचं पार्किंग शुक्रवारच्या सुट्टीत ओस असतं, मुलांना खेळू द्याल का?

"यल्ला, खेळू दे," ते म्हणाले. "पण नमाजाच्या आधी खलास."

शुक्रवारी सकाळी सहाला तेरा मुलं दार्सैतहून चालत निघाली. मला तर रात्रभर झोप नव्हती. स्टंप म्हणून पाण्याचा मोठा निळा बाटला ठेवला. एका टीममध्ये एक भिडू कमी पडला, म्हणून मलाही घेतलं. शेवटच्या ओव्हरला चार रन हवे होते, एकच विकेट उरली होती, बॅट माझ्या हातात आणि बोलिंगला ती.

"काका, हेल्मेट आणू का?"

सगळे खिदळले. पहिला चेंडू मला दिसलाच नाही. दुसऱ्यावर दोन रन पळालो, छाती धडधडत होती, पण इतकी मजा कित्येक वर्षांत आली नव्हती. तिसऱ्याला बाटला धप्पकन आडवा. मुलं आरडाओरडा करत तिच्याकडे धावली. हरलो होतो तरी मीही धावलो.

पाणी पिताना ती म्हणाली, "काका, तुम्ही बेस्ट आहात. त्या मालकाला आमचा काय प्रॉब्लेम होता, काय माहीत."

ते ऐकून घेऊन पुन्हा गप्प बसणं मला जमेना.

"मालकाला काही नव्हतं. पत्र मी लिहिलं होतं."

तिने विचारलं, "आरशासाठी?"

"हो, आरशासाठी. तुमचं घराजवळचं मैदान मी घालवलं, आणि वर ते मालकानेच केलं असं तुम्हाला वाटू दिलं. माझं चुकलं. मला माफ करा."