दुसऱ्या पायरीवरचे गुणाजी

गुणाजींच्या घराण्याने उरणच्या किनाऱ्यावर तीन पिढ्या मीठ पिकवले. मिठागरे भरावाखाली गेल्यावर त्यांनी न्हावा शेव्याच्या कंटेनरांसाठी ट्रेलर घेतला, पुढे आणखी एक. अशा माणसाने फ्रीमेसन या गुप्त विधी पाळणाऱ्या संघटनेच्या लॉजमध्ये, म्हणजे शाखेत, जावे, याचे गावाला नवल वाटले. मालाची कागदपत्रे करणारे हर्षदभाई हे लॉजचे जुने सदस्य. गुणाजींचे नाव त्यांनीच सुचवले. लॉजचे नाव सदस्यांच्या विनंतीवरून येथे दिलेले नाही.

तिथे एप्रन बांधावा लागतो, असे गुणाजींनी घरी सांगितले तेव्हा पत्नी केसर म्हणाल्या, "मंग घरीच बांधा की! भाकऱ्या थापाला मानूस पायजेच हाय मना."

या संघटनेची सारी भाषा पाथरवटांची आहे. नवा सदस्य म्हणजे ओबडधोबड दगड. पहिल्या पायरीवर त्याच्या डोळ्यांवरची पट्टी सोडतात, म्हणजे तो अंधारातून उजेडात येतो. दुसऱ्या पायरीवर दगड घडवण्याची विद्या मिळते. तिसऱ्या पायरीवर त्याला मृत मानून जमिनीवर निजवतात आणि हात धरून पुन्हा उभे करतात. हे सारे अतिप्राचीन असल्याचे सदस्य सांगतात. त्याला भरवशाचा पुरावा मला कुठेही सापडलेला नाही. गुणाजींना मात्र पुराव्याची गरज कधी भासली नाही. पहिल्या पायरीबद्दल ते एवढेच म्हणाले, "मिठागरात जन्मभर उजेड डोल्यात खुपला. थंय तो कोनीतरी हलूच दिला."

दुसरी पायरी झाली आणि त्याच वर्षी दिवाळीनंतर त्यांचा मुलगा पियूष खाडीत गेला. ओहोटीला तो चिंबोऱ्या पकडायला उतरला होता. नव्या भरावाशेजारी गाळ किती खोल झाला आहे, याचा कोणालाच अंदाज नव्हता. तो कमरेपर्यंत रुतला आणि पाणी भरू लागले. गुणाजी होडीतून वाकून त्याला हात देत होते. चिखलाने माखलेला हात निसटला. मग मनगट धरले, तेही निसटले. पुन्हा पाण्यात हात घातला, तेव्हा तिथे हात नव्हता.

हा तपशील पुढच्या घटनेशी इतका जुळतो की मी तो संशयानेच ऐकला. म्हणून केसर यांना वेगळे विचारले, हर्षदभाईंना वेगळे. दोघांनीही सांगितले की गुणाजींनी हे त्याच संध्याकाळी ओट्यावर बसून, जमलेल्या सर्वांसमोर सांगितले होते. हर्षदभाई त्यांच्या शेजारीच बसले होते.

काही महिन्यांनी गुणाजींनी तिसरी पायरी मागितली.

"अरे भाई, थांबा थोडं," हर्षदभाई म्हणाले. "वर्ष जाऊ द्या."

"थांबून काय व्हनार? तुमीच बोललाव ना, थंय मेलेला मानूस उठतो?"

"ते प्रतीक आहे, गुणाजीभाई. खरंखुरं नाही ते."

"नसू द्या. कसा उठतो त्ये मना बगाचाय. मंग त्याच्या आयेला काय तरी सांगता येल. आता ती इचारते तवा माझ्याकडं शब्द न्हाय."

पायरी घेणाऱ्याला तिच्या विधीतले बारकावे आधी सांगायचे नाहीत, अशी शपथ प्रत्येक सदस्याने घेतलेली असते. आज तो विधी छापील पुस्तकांतून कोणालाही वाचता येतो. हर्षदभाईंनाही ते माहीत होते. तरी त्यांनी ते सांगितले नाही. नंतर ते मला म्हणाले, "दोन शब्द सांगायला हवे होते मी. दोनच. पण मला वाटलं, शपथ ती शपथ."

तो विधी असा: निजलेल्याला उठवायला पहिला अधिकारी येतो, पहिल्या पायरीच्या ठरलेल्या पकडीने हात धरतो, आणि ती पकड निसटते. दुसरा येतो, दुसऱ्या पायरीच्या पकडीने धरतो, तीही निसटते. शेवटी लॉजचा प्रमुख घट्ट पकडीने त्याला उभे करतो. माणसाची अर्धीमुर्धी विद्या मृत्यूपुढे अपुरी पडते, असा त्याचा अर्थ लावतात. त्या वर्षी दुसऱ्या अधिकाऱ्याचे पद हर्षदभाईंकडे होते.

सभागृहातले दिवे मंद केले होते. गुणाजींना निजवून अंगावर कापड घातले. पहिल्याने हात धरला आणि सोडला. गुणाजींच्या तोंडून आवाज निघाला, पण उमेदवार दचकतातच, म्हणून कोणी थांबले नाही. हर्षदभाई वाकले. "त्यांनी माझा हात असा धरला होता की सुटेना," ते सांगतात. "आणि मला तर तो सोडायचाच होता. मी ओढून सोडवला."

मग प्रमुख वाकले. हात नव्हता. गुणाजींनी तो छातीखाली दाबून धरला होता, आणि ते पालथे झाले होते.

"उठा, गुणाजी," प्रमुख म्हणाले. हे वाक्य विधीतले नव्हते.

"मना न्हाय. आदी त्याला काडा."

दिवे पूर्ण लावले गेले. विधी अपुरा राहिला, आणि पायरी अपुऱ्या विधीने मिळत नाही. हर्षदभाईंनी पुढच्या सभेत पद सोडले. प्रमुखांनी गुणाजींना नंतर पुन्हा बोलावले होते. त्यांनी हात जोडून नकार दिला. ते आजही लॉजमध्ये जातात. तिसऱ्या पायरीचे काम सुरू व्हायच्या वेळी खालच्या पायरीच्या सदस्यांना बाहेर जावे लागते. कोणी सांगायच्या आधीच गुणाजी एप्रन सोडतात आणि व्हरांड्यात जाऊन बसतात.

विधी अपुरा राहिला त्या दिवशी घरी येऊन त्यांनी काय सांगितले, असे मी केसर यांना विचारले.

"काय सांगनार? अंगावर थेंब न्हवता, पन तोंड बगून मी टावेल दिला," त्या म्हणाल्या. "त्येनी निसते हात पुसले. लय येल पुसत व्हते. मंग मीच काडून घेतला."