संत्री तोडायला गेलेले नवरे

सत्तर-बहात्तरच्या सुमाराला मी राज्यशास्त्रात पीएचडी करायला घेतली, तेव्हा ते नेमकं काय प्रकरण असतं हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. माझ्या मार्गदर्शक सरांचा सिद्धांत मात्र आधीच तयार होता: नवरा सांगेल त्यालाच बायको मत देते. मी फक्त काटोलकडच्या संत्र्यांच्या गावांत जाऊन बायकांना विचारायचं आणि सरांचं बरोबर आहे असं लिहून आणायचं. सरांच्या सहीशिवाय प्रबंध पुढे जाणार नव्हता, आणि वडिलांनी बजावलं होतं, "उन्हाळ्यापर्यंत काय ते आटप. मग स्थळं बघणार." स्थळांच्या नुसत्या नावानेच माझ्या अंगावर काटा यायचा.

सुरुवातीला सरांचंच खरं ठरत होतं. प्रश्न बाईला विचारला की उत्तर नवरा द्यायचा. "आमच्या घरचं मत एकच हाये. मले विचारा ना!" बाई पदर तोंडाशी धरून म्हणायची, "हे सांगतील थेच." नवऱ्याला बाहेर जा म्हणायची सोय नव्हती. पाहुणीला सोडून उठणं बरं दिसत नाही म्हणून तो बाजेवर ठाण मांडून बसायचा.

एकदा वैतागून, काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "यंदा संत्री छान दिसतात हो तुमची." नवरा ताडकन उठला. पाहुण्याने संत्र्याचं नाव काढलं आणि तो रिकाम्या हाताने गेला, तर त्या भागात मालकाचं नाक कापलं जातं. आणि फळ गड्याकडून तोडून आणवत नाहीत, मालक स्वतः निवडून आणतो. तो बगीच्यात गेला तशी बाई सरकून माझ्याजवळ आली.

"विचारा आता, लवकर. कोणाले देलं थे नाही सांगत. पण याईच्यावाल्या उमेदवाराले नाही देलं."

"काहून वं?" मीही तिच्याच बोलीत शिरले.

"याईनं मले न विचारता माही म्हैस इकली. मंग म्या बी न विचारता मत देऊन टाकलं."

माझं संशोधन त्या क्षणी सुरू झालं. पुढे प्रत्येक घरात मी आधी चहा प्यायचे, मग संत्र्यांची तारीफ करायचे, नवरा बगीच्याकडे वळला की बायको भडाभडा बोलायची. मुलाखती धडाधड होऊ लागल्या. त्याचबरोबर पिशव्याही भरू लागल्या. एसटीचा कंडक्टर मला व्यापारी समजून माल टपावर टाका म्हणायचा. घरात सकाळ-संध्याकाळ संत्री. वडील सालं गोळा करत पुटपुटायचे, "पीएचडीचा वास सुटलाय घरभर."

शेवटी प्रबंध आणि एक पिशवी संत्री घेऊन मी सरांच्या रामदासपेठेतल्या घरी गेले. सरांनी वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "अशक्य! या बायका तुझी गंमत करत होत्या. मी सही करणार नाही." मी संत्र्यांची सगळी हकिगत सांगितली, भांडले, रडायचीच बाकी राहिले. सरांच्या पत्नी दारात बसून रसासाठी संत्री सोलत होत्या. सगळं ऐकत होत्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "रसाला बर्फ नाही घरात. चौकातून घेऊन या बरं."

सर डबा घेऊन बाहेर पडले. फाटक वाजलं.

"विचार आता, पटकन," बाई म्हणाल्या.

मी थक्क होऊन विचारलं.

"लग्न झाल्यापासून एकदाही यांच्यावाल्याला दिलं नाही. यांच्या माणसाचं दरवेळी डिपॉझिट जप्त होतं. माझं मत वाया कशाला घालवू?"

तेवढ्यात सर बर्फ ठिबकवत परत आले. "काय सांगत होतीस हिला?"

बाईंनी पदर सावरला. "मी म्हटलं, हे सांगतील तेच."

"बघ!" सर खुलले. "शिकलेल्या घरातसुद्धा!"

"ते असू द्या. पोरीच्या प्रबंधावर सही करा आधी. मग रस."

सरांनी खिशातलं पेन काढलं आणि मुकाट्याने सही केली. बाईंनी पेला त्यांच्या हातात दिला.

"गोड आहे ना?"

मी घोट घेतलाच होता. रस आंबटढाण होता.

"गोड आहे," सर म्हणाले.