तीनने की तीनपर्यंत

मलकापूरच्या फलाटावर गाडी यायला अजून वीस मिनिटं होती आणि माझे हात गार पडले होते. मे महिन्यातली दुपार. बाकाला हात टेकवला तर चटका बसत होता, तरी हात गारच. मला एकटीला सोडायला धामणगाव बढ्याहून जीप भरून आठ जण आले होते. मुंबईपर्यंत रेल्वे, तिथून विमान आणि मग इंग्लंडमधल्या एका लहानशा शहरातल्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी. आई बॅगेची चेन उघडून पुन्हा लावत होती. शेजारचे काका जय भीम करून माझ्या हातात पेढ्यांचा पुडा देऊन बाजूला झाले होते.

बाबा गावचे कोतवाल. तलाठी साहेबांचे निरोप घरोघर पोचवायचे, पूर्वी दवंडीही तेच द्यायचे. दिवसभर बोलणारा माणूस. गाडी दिसली तेव्हा एवढंच म्हणाले, "भेव वाटलं तं फोन करजो. टाइम पाहू नको."

मी मान हलवली. भेव तर तेव्हाच वाटत होतं.

गेल्या आठवड्यात माझ्या मावसबहिणीचा फोन आला. तीही नर्स आहे, तिचाही व्हिसा झालाय. तिनं विचारलं, "ताई, तिकडं सगळ्यात जास्त भेव कायचं लागते वो?" मी म्हटलं, थंडीचं. खोटं बोलले. खरं उत्तर फोनवर सांगता येईना, म्हणून इथं लिहिते. तिच्यासाठी, आणि गावी राहिलेल्या तुम्हा सगळ्यांसाठीही, कारण यातलं बरंचसं मी तुम्हालाही कधी सांगितलेलं नाही.

मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती 'टू' आणि 'बाय' या दोन शब्दांची.

आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत सरांनी प्रीपोझिशन शिकवलं ते डस्टर घेऊन. डस्टर टेबलावर ठेवायचं, ऑन. टेबलाखाली, अंडर. खणात, इन. सगळा वर्ग ओरडायचा. मला वाटायचं, एवढंच असतं. आपल्या भाषेत हे शब्द नावाला मागून चिकटतात, घरात, घरावर, घराकडे, आणि बोलताना आपल्याला त्यांचा पत्ताही लागत नाही. इंग्रजीत ते सुटे, नावाच्या आधी उभे, आणि कुठं कुठला उभा राहील याचा भरवसा नाही. आपण कुत्र्याला भितो, त्यांची भीती 'ऑफ' कुत्रा, म्हणजे कुत्र्याची. आपलं लग्न कोणाशी तरी होतं, त्यांचं 'टू', म्हणजे कोणाला तरी होतं. नागपूरला इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करताना क्लासच्या मॅडम म्हणायच्या, "नियम विचारू नका, पाठ करा." मी पाठ केलं. पहिल्यांदा लेखनात नापास झाले, दुसऱ्यांदा काठावर सुटले. वाटलं, संपलं एकदाचं.

इथं आल्यावर कळलं की वॉर्डात सगळं त्या छोट्या शब्दांवरच चालतं. पेशंट 'ऑफ' जेवण आहे, म्हणजे जेवत नाही. एखादा 'अप' आहे, म्हणजे उठून बसलाय. बीपी नव्वदला आलं की नव्वदने उतरलं, यात माणूस आहे की नाही इतका फरक. आणि इथली माणसं हेच शब्द गिळून टाकतात. औषधाचं नाव ठसठशीत उच्चारतील, आकडा ठसठशीत, आणि मधला शब्द नुसता श्वासासारखा. पहिले तीन महिने मी वही घेऊन फिरले. समजलं नाही तरी 'येस' म्हणायची सवय मात्र लागली, कारण दुसऱ्यांदा 'सॉरी?' विचारलं की समोरच्याच्या कपाळावर बारीकशी आठी पडायची, आणि त्या आठीला मी घाबरायचे.

चौथ्या महिन्यातली गोष्ट. दुपारचे दोन वाजले असतील. वॉर्डातल्या माझ्या वाट्याच्या खोलीत चार पेशंट होते, त्यातले एक आर्थर. आधी बस चालवायचे, आता ऐंशीच्या पुढचे. त्यांची साखर खूप वाढली होती, म्हणून मशीनमधून थेंबाथेंबाने इन्सुलिन चालू होतं, तासाला दोन युनिट. तरी साखर उतरेना, म्हणून मी डॉक्टरला फोन लावला. ती दुसऱ्या वॉर्डात कुठल्यातरी धावपळीत होती. ती भरभर म्हणाली, "इन्क्रीज इट... थ्री," आणि मधला शब्द माझ्यापर्यंत पोचलाच नाही.

'टू थ्री' म्हणजे दोनाचे तीन करायचे. 'बाय थ्री' म्हणजे तीनने वाढवायचे, दोनाचे पाच. माझ्या डोक्यात मराठी वाक्य तयार झालं, तीन वाढव. मी येस म्हटलं, फोन ठेवला, कागदावर पाच लिहिलं. नियमाप्रमाणे दुसऱ्या नर्सनं येऊन तपासलं. तिनं कागदावरचा पाच आणि मशीनवरचा पाच जुळवला आणि सही केली. चूक त्याच्या आधीच झाली होती, ती तिला कशी दिसणार?

पाऊण तासानं आर्थर शेजारच्या पेशंटशी बोलता बोलता थांबले. कपाळावर घाम. हात थरथरत होते, पेला धरता येईना. मी बोटातून रक्त घेऊन साखर पाहिली. खूप खाली आली होती. मी मशीन बंद केलं, बेल दाबली, त्यांच्या तोंडाला सरबत लावलं. माणसं धावत आली, शिरेतून ग्लुकोज दिलं. ती दहा मिनिटं मी विसरू शकत नाही. ते माझ्याकडे बघत होते, पण त्यांना मी दिसत नव्हते.

मग त्यांच्या गालावर हळूहळू रंग आला. त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, चहा मिळेल का. मी चहा सांगायला वळले.

आणि लगेच दुसरी भीती आली. ती पहिलीपेक्षा वाईट होती. मला आता समजलं होतं काय झालं ते. पण फक्त मलाच. फोनवरचं बोलणं कुठं लिहिलेलं नव्हतं. डॉक्टरच 'बाय थ्री' म्हणाली, असं मी म्हटलं असतं तर? ती घाईत होती, तिलाही खात्री नसती. मी औषधांच्या खोलीत जाऊन उभी राहिले. नोकरी जाईल, नोंदणी रद्द होईल, पुन्हा त्याच फलाटावर उतरावं लागेल, अन् आठ माणसं मला घ्यायला येतील. लाज वाटते सांगायला, पण दोन मिनिटं मी खरंच ठरवलं होतं खोटं बोलायचं. वाक्यही मनात जुळवलं होतं, व्याकरणात अगदी बिनचूक.

बाहेर आले तर वॉर्डची मुख्य सिस्टर, हेलन, समोरच उभी. तिनं विचारलं, "व्हॉट हॅपन्ड?" आणि माझ्या तोंडून निघालं ते दुसरंच. "मला एक शब्द ऐकू आला नाही. मी विचारलं नाही. चूक माझी आहे."

तिनं मला छोट्या खोलीत बसवून सगळं लिहून मागितलं. मी तीन कागद फाडले. चौथा दिला. तिनं तो वाचला, घडी केली आणि म्हणाली, "यू कॅन गो होम नाऊ."

मी विचारलं, "तिकीट मला काढावं लागेल?"

तिला कळेचना. मग कळलं. तिनं माझा खांदा धरला. "नो, नो. तुझ्या खोलीवर. झोप. उद्या सकाळी ये."

खोलीवर जाऊन मी बाबांना फोन केला. हुंदके देतच सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हातारा जिता हाये ना?"

"हाव."

"चूक तूच सांगतली ना?"

"हाव."

मग म्हणाले, "एक डाव मी बी असंच केलं होतं. पोरायचं लसीकरण मंगळवारी होतं, अन् मी दवंडी देली बुधवारची. मंगळवारी कोणीच आलं नाही, डॉक्टर वापस गेला. मंग मी घरोघरी फिरलो. सांगतलं, दवंडी माही चुकली. लोकं लय बोलले. ऐकून घेतलं. तुले बी बोलतीन. ऐकून घेजो. जेवली का?"

लोक बोलले. आर्थरची मुलगी दुसऱ्या दिवशी आली आणि माझ्यासमोरच हेलनला म्हणाली, ही नर्स माझ्या वडिलांजवळ नको. मी ऐकून घेतलं. आर्थर घरी जाईपर्यंत मी त्यांच्या खाटेजवळ गेले नाही. लांबून ते हात हलवायचे. दीड महिना मला त्या मशीनला एकटीनं हात लावायला बंदी होती, पुन्हा शिकायचं, पुन्हा तोंडी परीक्षा. डॉक्टर स्वतः भेटायला आली. म्हणाली, मीही घाईत होते, नुसता शेवटचा आकडा सांगायला हवा होता. त्यानंतर आमच्या वॉर्डात फोनवर 'किती वाढवा' कोणी सांगत नाही, 'किती ठेवा' सांगतात, आणि ऐकणारी तो आकडा मोठ्यानं परत म्हणते.

याला आता सहा वर्षं झाली. मी अजून घाबरते. पण आता विचारते. दोनदा, तीनदा. आठी पडली तर पडू दे. बाई, तू फोनवर विचारलंस ना, तुला सांगायचं होतं ते हेच. येस म्हणायची घाई करू नको.

यंदा मार्चमध्ये गावी आले होते. निघायच्या आदल्या दिवशी आई ओट्यावर बसून माझ्यासाठी शेवया डब्यात भरत होती. मी सहज म्हटलं, "आई, घरी पोचली का फोन करते."

तिचा हात डब्यात तसाच राहिला.

"घरी?" ती म्हणाली. "मंग हे काय होय वो?"

तिनं वर न बघता आणखी दोन मुठी शेवया घातल्या, झाकण दाबून बसवलं आणि डबा माझ्याकडे सरकवला. म्हणाली, "घे. घरी ने."