साठीनंतरचा सिफिलिस

"मावशी, तुम्हाला सिफिलिस आहे. संबंधातून लागतो तो," डॉक्टर दाराकडे बघत हळूच म्हणाल्या. लेकीच्या वयाच्या.

मी म्हणाले, "मोठ्यानं बोला. मला कमी ऐकू येतं."

मी त्रेसष्टची. निवृत्त शिक्षिका, घराण्यातली पहिली बी.ए. अकरा वर्षं विधवा होते. आठ महिन्यांपूर्वी नामदेवरावांशी कोर्टात लग्न केलं. तेही विधुर, नागापूरला कारखान्यात फिटर होते. आता आम्ही देवळाली प्रवरात राहतो.

लग्नाआधी दोन्हीकडच्या मुलांनी आमची शुगर तपासली, बीपी तपासलं. हे रक्त तपासायचं कुणाला सुचलं नाही. मलाही नाही. पाळी गेली, मग निरोध कशाला, असं मी शिकूनसवरून समजत होते. निरोध आजारही रोखतो, हे डोक्यातच आलं नाही.

मग तळहातांवर, तळपायांवर तांबूस डाग आले. खाज नाही, दुखणं नाही. उष्णता समजून महिनाभर सब्जा आणि धन्याचं पाणी प्यायले. डाग फिके पडले, वाटलं गुण आला. परत उठले तेव्हा दवाखाना गाठला. व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलिससाठीची रक्ततपासणी, पॉझिटिव्ह. पक्कं करायला दुसरी तपासणी, तीही पॉझिटिव्ह. एचआयव्ही निगेटिव्ह.

"पेनिसिलिननं बरं होतं," डॉक्टर म्हणाल्या. "पण दोघांनी उपचार घ्यायचे. नाहीतर पुन्हा लागेल."

मुलगा म्हणाला, "आई, पुण्याला जाऊ. इथं लोक ओळखतात."

"ओळखू दे. मी चोरी केलेली नाही."

नामदेवराव मात्र अडून बसले. "मला काय बी न्हाई. धडधाकट हाय मी." दोन दिवसांनी बोलले, "लग्नाच्या आदी नागापूरला खोलीवर एकटाच हुतो. झालं एकदा."

"झालं ते झालं. सोमवारी चला. नाहीतर माझ्या खोलीची कडी आतून लागेल."

सोमवारी आले, पण बसले चार बाकं सोडून, टोपी कपाळावर ओढून. शेजारच्या बाईनं मला विचारलं, "बाई, काय दुखतंय?" मी सांगितलं, सिफिलिस. ती सरकून बसली. रिकाम्या झालेल्या जागेवर नामदेवराव येऊन बसले. म्हणाले, "तुमी काय गप बसायच्या न्हाई."

"नाही."

त्यांचंही रक्त पॉझिटिव्ह निघालं. दोघांनी इंजेक्शनं घेतली, परत परत रक्त दिलं, डॉक्टर हो म्हणेपर्यंत वेगळे झोपलो. आता दोघंही बरे आहोत. त्या डॉक्टर पोरीचे उपकार, की माझे पांढरे केस बघूनही तिनं "संबंध आहेत का?" हे विचारलं.

या वयात कुणाची साथ धरणार असाल तर आधी दोघांचं रक्त तपासा, तोवर निरोध वापरा. मुलं लाजतील, लाजू द्या. नांदायचं आपल्याला आहे.